उभ्या मोटारीतून उडणारे पेट्रोल

उघड्या तबकात ठेवलेली कापराची वडी काही दिवसांत नाहीशी होते. ती जळत नाही, कोणी उचलून नेत नाही. हवेत विरून जाते, एवढेच. म्हणून घरोघरी कापूर घट्ट झाकणाच्या डबीत ठेवतात आणि सोबतीला चार मिरे टाकतात. पेट्रोलचा स्वभाव कापराहूनही उडता. पौषातल्या पहाटेसही त्याची वाफ होत असते, आणि वैशाखाच्या उन्हात तर ती टाकीच्या भिंतींना आतून रेटू लागते. मोटार रस्त्यावर धावत असो की दाराशी उभी असो, तिच्या टाकीत ही घडामोड रात्रंदिवस चालू राहते. ही वाफ बाहेरच्या हवेत जाऊ न देता सांभाळून ठेवणारी, आणि योग्य वेळी इंजिनाकडे जाळण्यासाठी पाठविणारी एक व्यवस्था आजच्या पेट्रोल मोटारीत बसविलेली असते. ती ठीक चालली आहे की नाही, कोठे गळते आहे, कोठे अडते आहे, हे कसे ओळखावे याची कल्पना मात्र मोटार बाळगणाऱ्या फार थोड्या लोकांना असते.

मोटारीमुळे हवा बिघडते असे म्हटले की सायलेन्सरमधून निघणारा धूर डोळ्यांपुढे येतो. तो दिसतो, त्याचा वास येतो, आणि त्याच्यावर नियमांचे लक्षही असते. टाकीतून सुटणारी वाफ दिसत नाही. तिचे उपद्रवमूल्य जगाला कळले तेही आडवाटेनेच. १९४३ सालच्या जुलै महिन्यात अमेरिकेतील लॉस एंजेलिस शहरावर डोळे झोंबविणारे असे दाट धुरके पसरले, की महायुद्धाच्या त्या दिवसांत शत्रूने विषारी वायू सोडला की काय, अशी शंका लोकांना आली. पुढे काही वर्षे हे धुरके तेथे वारंवार येत राहिले. तेथील कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत आरी हागेन-स्मित नावाचे मूळचे हॉलंडचे रसायनशास्त्रज्ञ अननसाच्या स्वादाचे पृथक्करण करीत होते. स्वादाच्या सूक्ष्म वाफा पकडण्याची आपली हातोटी त्यांनी शहराच्या हवेकडे वळविली. १९५० नंतरच्या दोन-तीन वर्षांत त्यांनी दाखवून दिले, की पेट्रोलसारख्या इंधनांतील हायड्रोकार्बन आणि ज्वलनातून निघणारी नायट्रोजनची ऑक्साइडे ही एकत्र आली आणि त्यांवर सूर्यप्रकाश पडला, म्हणजे ओझोन आणि त्याच्या जोडीचे झोंबरे वायू जमिनीलगत तयार होतात. तेव्हापासून पेट्रोलची न जळलेली वाफही धुराच्या बरोबरीने आरोपीच्या पिंजऱ्यात उभी राहिली. कॅलिफोर्निया राज्याने १९७० च्या नमुन्याच्या मोटारींपासून आणि सबंध अमेरिकेने १९७१ च्या नमुन्यापासून ही वाफ अडविणारी योजना सक्तीची केली.

भारताला या गोष्टीचे महत्त्व कमी नाही. ऊन भरपूर, वाहने दाट आणि शहरे कोंदट, ही तिन्ही कारणे येथे एकत्र नांदतात. शिवाय पेट्रोलमध्ये बेंझीन नावाचा घटक थोड्या प्रमाणात असतो, आणि तो दीर्घकाळ श्वासातून जाणे रक्ताला व अस्थिमज्जेला घातक ठरते. वाफ गळणारी मोटार बंद तळघरात किंवा घराला लागून असलेल्या पडवीत उभी असेल, तर तिची पहिली झळ तिच्या धन्याच्याच घराला लागते.

वाफेची ही व्यवस्था समजण्यास अवघड नाही. पेट्रोलच्या टाकीला तोंड असते आणि त्यावर रबरी वॉशर असलेले झाकण असते. टाकीच्या वरच्या भागातून एक नळी निघते. गाडी कलंडली किंवा टाकी फार भरली तरी द्रवरूप पेट्रोल या नळीत शिरू नये, म्हणून तिच्या तोंडाशी एक लहान झडप असते. ही नळी कोळशाच्या डब्यापर्यंत जाते. गॅरेजमध्ये या डब्याला कॅनिस्टर म्हणतात. काही गाड्यांत तो बॉनेटखाली असतो, तर काहींत मागे टाकीजवळ, गाडीच्या पोटाखाली. त्यात चुलीतला साधा कोळसा नसतो. विशेष प्रक्रियेने ज्याच्या अंगात असंख्य सूक्ष्म पोकळ्या निर्माण केल्या आहेत, असा तो सक्रिय कोळसा होय. या कोळशाच्या अवघ्या एका ग्रॅमचे आतले पृष्ठफळ हजार चौरस मीटरांच्या पुढे भरते. म्हणजे चिमूटभर कोळशात सुमारे दहा गुंठे जमीन दडलेली असते. या अफाट पृष्ठभागावर पेट्रोलच्या वाफेचे कण चिकटून राहतात, आणि टाकीतून आलेली हवा तेवढी निर्मळ होऊन डब्याच्या दुसऱ्या तोंडाने बाहेर पडते.

परंतु कोठार कितीही मोठे असले तरी ते कधीतरी भरतेच. म्हणून ते रिकामे करण्याचीही सोय लागते. डब्यापासून इंजिनाच्या हवा ओढणाऱ्या मार्गापर्यंत दुसरी नळी जाते आणि तिच्यावर विजेच्या इशाऱ्याने उघडणारा एक व्हॉल्व्ह असतो. त्याला पर्ज व्हॉल्व्ह म्हणतात. इंजिन गरम होऊन चांगले चालू लागले, की गाडीतील संगणक हा व्हॉल्व्ह थोडाथोडा उघडतो. इंजिनाच्या ओढीने बाहेरची ताजी हवा डब्याच्या मोकळ्या तोंडातून आत शिरते, कोळशाला चिकटलेली वाफ सोडविते आणि तिला बरोबर घेऊन इंजिनात जाते. तेथे ती जळते. डब्याच्या या मोकळ्या तोंडावर काही गाड्यांत आणखी एक झडप असते. तिला व्हेंट व्हॉल्व्ह म्हणतात. ती एरवी उघडी असते आणि केवळ तपासणीपुरती बंद होते. ज्या गाड्यांत ती असते, त्यांच्या टाकीवर बहुधा दाब मोजणारा एक संवेदकही असतो.

म्हणजे ही व्यवस्था एका श्वसनसंस्थेसारखी आहे. टाकी तापली की ती श्वास सोडते, निवली की श्वास घेते, आणि दोन्ही श्वास कोळशातून गाळून जातात. तपासणी करणाऱ्याने तिला तीनच प्रश्न विचारावयाचे असतात. ती वाफ धरून ठेवते काय? योग्य वेळी सोडते काय? आणि जेथून बंद व्हावयास हवी तेथून बंद होते काय? पहिल्या प्रश्नाचे उत्तर नकारार्थी आले तर गळती आहे. दुसऱ्याचे आले तर कोठेतरी मार्ग तुंबला आहे. तिसऱ्याचे आले तर एखादी झडप उघडी राहिली आहे. सगळी तपासणी या तीन प्रश्नांभोवती फिरते.

हत्यारांना हात घालण्यापूर्वी सावधगिरीच्या चार गोष्टी ध्यानात घेणे अगत्याचे आहे. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन ते चार पट जड असते. ती वर उडून जात नाही; जमिनीलगत पसरते आणि खोलगट जागी साचते. हवेत तिचे प्रमाण सुमारे दीड टक्क्यापासून साडेसात टक्क्यांपर्यंत असले, तर एवढ्याशा ठिणगीनेही भडका उडतो. म्हणून ही तपासणी इंजिन थंड असताना, मोकळ्या हवेत करावी. गाडीखाली जाण्यासाठी गॅरेजमध्ये जो खड्डा केलेला असतो, तेथे ही वाफ विहिरीतल्या पाण्यासारखी भरून राहू शकते. त्यामुळे तिचा वास येत असताना त्या खड्ड्यात उतरू नये. विडी, काडेपेटी, उघडा दिवा किंवा ठिणग्या उडविणारे यंत्र जवळपास नसावे आणि आग विझविण्याचे साधन हाताशी असावे. गळती शोधण्यासाठी पेटती काडी फिरविण्याचा अघोरी प्रकार तर स्वप्नातही येऊ देऊ नये.

तपासणीचा आरंभ गाडीपासून न करता गाडी चालविणाऱ्यापासून करावा. वैद्य जसा नाडीला हात लावण्यापूर्वी रोग्याला बोलते करतो, तसे येथेही करणे हिताचे असते. पेट्रोलचा वास केव्हा येतो? उन्हात उभी राहिल्यावर, की पेट्रोल भरल्यावर? पंपावर पेट्रोल भरताना नळीचा घोडा पुन्हापुन्हा आपोआप बंद पडतो काय? पेट्रोल भरून निघाल्यावर इंजिन सुरू होण्यास त्रास देते काय? झाकण उघडताना हवा जोराने आत ओढली जाते काय? या प्रत्येक लक्षणाचा अर्थ निराळा असतो. भरताना घोडा वारंवार बंद पडत असेल, तर टाकीतील हवेला बाहेर पडण्याचा मार्ग तुंबला असण्याचा संभव मोठा. पेट्रोल भरल्यानंतर इंजिन अडखळत असेल, तर पर्ज व्हॉल्व्ह उघडाच राहिला असावा. टाकीतील ताजी वाफ अवेळी इंजिनात शिरते आणि मिश्रण नको तितके दाट होते. झाकण उघडताना हलकासा फुस्स आवाज होणे स्वाभाविक आहे. परंतु हवा सूं करून आत ओढली गेली, तर टाकी कोंडली गेली आहे असे समजावे.

यानंतर डोळे, नाक आणि बोटे यांची पाळी. पहिले परीक्षण झाकणाचे. त्यावरील रबरी वॉशर चिरलेला, कडक झालेला किंवा चपटलेला आहे काय, टाकीच्या तोंडाची कड गंजली आहे काय, आणि झाकण फिरविल्यावर ते कटकट आवाज करून घट्ट बसते काय, हे पाहावे. पुष्कळशी मोठी भासणारी गळती या दहा रुपयांच्या रबरात किंवा घाईने अर्धवट फिरविलेल्या झाकणात सापडते. त्यानंतर टाकीचे तोंड आणि टाकी यांना जोडणारी नळी पाहावी. किनाऱ्यावरच्या दमट, खाऱ्या हवेत वापरलेल्या गाड्यांत ही नळी आतल्या बाजूने गंजते आणि वरून मात्र धड दिसते. मग रबरी नळ्यांचा माग घ्यावा. त्या हाताने किंचित वाकवून पाहिल्या म्हणजे सूक्ष्म चिरा उघड होतात. क्लिपा सैल नाहीत ना, नळी एखाद्या गरम भागाला टेकून वितळली नाही ना, हे पाहावे. भारतातील गाड्यांना आणखी एक शत्रू आहे, तो म्हणजे उंदीर. फार दिवस उभ्या राहिलेल्या गाडीतील नळ्या तो आवडीने कुरतडतो.

येथे इंधनातील एका बदलाची नोंद घेणे जरूर आहे. भारतात पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचे प्रमाण २०२२ साली दहा टक्क्यांवर आणि २०२५ साली वीस टक्क्यांवर गेले. इथेनॉलमुळे पेट्रोलचा उडण्याचा गुण बदलतो, आणि ते ज्या रबरासाठी योजलेले नव्हते त्या जुन्या रबराला फुगविते किंवा त्यातून हळूहळू झिरपते. म्हणून या मिश्रणासाठी न बनविलेल्या जुन्या गाड्यांच्या नळ्या आणि वॉशर अधिक काळजीने तपासले पाहिजेत.

कोळशाचा डबा हातात घेतल्यावर वजनाने नेहमीपेक्षा जड वाटला, त्यातून पेट्रोल थेंब थेंब गळले, अथवा हलविल्यावर कोळशाची भुकटी बाहेर पडली, तर तो कामातून गेला असे समजावे. त्याच्या नाशाचे सर्वांत सामान्य कारण पेट्रोल पंपावरच घडते. घोडा एकदा आपोआप बंद झाल्यावरही टाकी गळ्यापर्यंत भरण्याचा आग्रह पुष्कळांना असतो. रक्कम पूर्णांकात यावी म्हणून, किंवा चार थेंब अधिक पडावेत म्हणून, थोडे थोडे पेट्रोल आणखी ओतले जाते. टाकीच्या वर जी मोकळी जागा वाफेसाठी मुद्दाम राखलेली असते, ती अशाने भरून जाते आणि द्रवरूप पेट्रोल डब्याकडे वाहू लागते. वाफ धरण्यासाठी केलेला कोळसा पेट्रोलमध्ये भिजला की त्याची धारणशक्ती जाते. कधी त्याचे कण सुटून नळीतून पुढे जातात आणि पर्ज व्हॉल्व्हच्या तोंडात अडकून तो बंद होऊ देत नाहीत. दुसरे कारण पावसाळ्यातले. तुंबलेल्या पाण्यातून गाडी काढताना डब्याच्या मोकळ्या तोंडातून पाणी आणि चिखल आत जाण्याचा संभव असतो.

मोकळे तोंड तुंबविणारे कारण कधीकधी अगदी अनपेक्षित असते. २०११ साली माझदा कंपनीला अमेरिकेतील आपल्या माझदा-६ जातीच्या हजारो गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलवाव्या लागल्या, कारण पिवळसर रंगाच्या एका जातीच्या कोळ्याने त्यांच्या डब्याच्या श्वासनळीत जाळी विणली होती. हा कोळी पेट्रोलच्या वासाकडे ओढला जात असावा, असे सांगण्यात आले. जाळ्याने श्वास कोंडला की इंजिनाच्या ओढीने टाकीत निर्वात वाढतो; टाकीला चीर जाण्याची आणि पेट्रोल गळून आग लागण्याची भीती निर्माण होते. २०१४ साली त्याच कारणासाठी पुन्हा सुमारे बेचाळीस हजार गाड्या बोलवाव्या लागल्या. एवढ्याशा जाळ्याचा हा प्रताप पाहिला, म्हणजे श्वासनळीचे तोंड स्वच्छ ठेवण्याचे महत्त्व वेगळे सांगावयास नको.

आता विजेवर चालणाऱ्या झडपा. पर्ज व्हॉल्व्हची परीक्षा सोपी आहे. इंजिन नुकतेच सुरू करून मंद गतीवर ठेवावे, डब्याकडून येणारी नळी व्हॉल्व्हपासून सोडवावी आणि त्या तोंडावर बोट ठेवावे. संगणकाने व्हॉल्व्ह उघडण्याचा इशारा दिलेला नसताना तेथे ओढ जाणवता कामा नये. जाणवली तर व्हॉल्व्ह नीट बंद होत नाही. व्हॉल्व्ह सुटा काढून वीज नसताना त्यातून फुंकले तर हवा पलीकडे जाऊ नये. कारखान्याच्या पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे बॅटरीचा प्रवाह दिल्यावर टक् असा आवाज व्हावा आणि हवा मोकळी वाहावी. व्हेंट व्हॉल्व्हचे वर्तन याच्या नेमके उलट असते. वीज नसताना तो उघडा आणि वीज दिल्यावर बंद. ही उलटसुलट ध्यानात न घेतल्यामुळे चांगले व्हॉल्व्ह टाकून दिले जातात. टक् असा आवाज झाला म्हणजे व्हॉल्व्ह धड आहे, असेही मानू नये. आवाज होऊनही मध्ये अडकलेल्या कणामुळे तो गळत राहतो. दाबाच्या संवेदकाची परीक्षा त्याहूनही साधी. टाकीचे झाकण उघडल्यावर आतला व बाहेरचा दाब सारखा होतो, तेव्हा स्कॅनरवर फरक शून्याच्या आसपास दिसला पाहिजे. तसा न दिसल्यास संवेदक किंवा त्याच्या तारा खोटी साक्ष देत आहेत.

स्कॅनरचा उल्लेख आला म्हणून संकेतांकांविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे. अमेरिकेत १९९६ च्या नमुन्यापासून सर्व मोटारींत असा संगणक सक्तीचा झाला, की जो दोष आढळताच डॅशबोर्डवर दिवा लावतो आणि दोषाचा क्रमांक स्मरणात ठेवतो. तेथील नियमांनी त्याला वाफेची गळती शोधण्याचेही काम दिले. प्रथम एक मिलिमीटर व्यासाच्या छिद्राएवढी, आणि २००० च्या सुमारास त्याच्याही निम्म्या, म्हणजे बारीक सुईएवढ्या छिद्राची. त्यासाठी संगणक व्हेंट व्हॉल्व्ह बंद करतो, टाकीत किंचित निर्वात निर्माण करतो आणि तो किती वेळ टिकतो हे पाहतो. पी ०४५५ हा क्रमांक मोठी गळती सुचवितो, पी ०४४२ लहान आणि पी ०४५६ त्याहून लहान. पी ०४४१ म्हणजे वाफेचा प्रवाह अपेक्षेप्रमाणे नाही, आणि पी ०४४३ म्हणजे पर्ज व्हॉल्व्हच्या विद्युतमार्गात दोष आहे. भारतातील अनेक मोटारींत गळती शोधणारी ही स्वयंचाचणी नसते. व्हॉल्व्हच्या विद्युतमार्गावर तेवढी नजर असते. अशा गाडीत गळती असूनही दिवा लागत नाही. दिवा नाही म्हणजे दोष नाही, असा अर्थ काढणे म्हणूनच चुकीचे ठरते.

आणि दिवा लागला, क्रमांक मिळाला, तरी काम संपत नाही. ते तेथून सुरू होते. क्रमांक हा रोगाचे लक्षण सांगतो, बदलावयाच्या भागाचे नाव सांगत नाही. ‘मोठी गळती’ असा क्रमांक वाचून महागडा डबा बदलला जातो, आणि चार दिवसांनी दिवा पुन्हा लागल्यावर व्हॉल्व्ह बदलला जातो. शेवटी दोष झाकणाच्या वॉशरमध्ये सापडतो. सोप्यापासून अवघडाकडे आणि स्वस्तापासून महागाकडे जाणारा क्रम पाळला, तर गाडीच्या मालकाचा पैसा वाचतो आणि मिस्त्रीची पतही राहते.

एवढे करूनही गळती हाती लागली नाही, तर धुराची परीक्षा करावी. खनिज तेल तापवून केलेला पांढरा, दाट धूर अत्यंत मंद दाबाने या नळ्यांत सोडतात. तो सोडण्यापूर्वी व्हेंट व्हॉल्व्ह स्कॅनरने बंद करावा लागतो. जेथे असा व्हॉल्व्ह नाही तेथे डब्याचे मोकळे तोंड बुचाने बंद करतात. टाकीचे झाकण आरंभी उघडे ठेवावे, म्हणजे आत कोंडलेली हवा निघून जाऊन धूर सर्वत्र पोचतो. तोंडातून धूर दिसू लागला की झाकण घट्ट लावावे. मग हातातील प्रखर दिवा नळ्यांवरून तिरपा फिरविला, की जेथे छिद्र असेल तेथून धुराची बारीक रेघ वर येताना दिसते. पंप बदलण्यासाठी पूर्वी कोणी टाकी उघडली असेल, तर तिच्या माथ्यावरील रबरी कडे नीट न बसल्याने तेथून धूर येण्याचा संभव अधिक; ही जागा मागच्या बैठकीखाली झाकलेली असल्यामुळे नुसत्या डोळ्यांना ती सापडत नाही.

या परीक्षेतील पथ्य एकच, पण प्राणाशी गाठ घालणारे आहे. धुराचा दाब सुमारे पस्तीस सेंटिमीटर, म्हणजे दीड वीत उंच पाण्याच्या स्तंभाएवढाच असावा. मोटारीच्या टायरमध्ये जी हवा भरतात, तिच्या दाबाचा हा जवळजवळ साठावा हिस्सा होय. गॅरेजच्या कॉम्प्रेसरची हवा सरळ टाकीत सोडली, तर टाकी फुगते, सांधे उसवतात आणि नसलेली गळती निर्माण होते. शिवाय पेट्रोलच्या वाफेत हवा मिसळणे म्हणजे भडक्याचे सामान जुळविणे. म्हणून जाणते यंत्रज्ञ धुराबरोबर हवेऐवजी नायट्रोजनसारखा निष्क्रिय वायू वापरतात. फुंकरीचे जेथे काम, तेथे वादळ आणू नये.

दोष सापडून दुरुस्ती झाली म्हणजे तीच परीक्षा पुन्हा करून खात्री पटवावी. स्कॅनरने क्रमांक पुसून टाकणे ही दुरुस्ती नव्हे. त्याने केवळ साक्षीदार गप्प बसतो. ज्या गाड्यांत स्वयंचाचणी आहे, त्यांत ती दर वेळी होत नाही. इंजिन थंड असावे लागते, हवा फार गरम किंवा फार गार चालत नाही, आणि टाकीही अगदी रिकामी वा काठोकाठ भरलेली चालत नाही. त्यामुळे गाडीचा संगणक दुरुस्तीवर शिक्कामोर्तब करण्यास काही दिवस घेतो. तेवढा धीर धरावा.

या सर्व खटाटोपामागे सरकारी नियमांचे बळ किती, असा प्रश्न कोणीही विचारील. नव्या नमुन्याची मोटार विक्रीस येण्यापूर्वी तिच्या वाफेची परीक्षा होते. पुण्यात १९६६ साली स्थापन झालेली ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही वाहनांच्या अशा प्रमाणनाचे काम करणाऱ्या देशातील प्रमुख संस्थांपैकी एक होय. गाडी हवाबंद खोलीत उभी करतात आणि खोलीच्या हवेत किती हायड्रोकार्बन जमतात ते मोजतात. युरोपीय पद्धतीच्या या परीक्षेत चोवीस तासांत तापमान वीसपासून पस्तीस अंशांपर्यंत चढवून पुन्हा खाली आणतात, आणि एकूण उत्सर्जन दोन ग्रॅमच्या आत असावे लागते. भारतानेही ही दोन ग्रॅमची मर्यादा स्वीकारली आहे. १ एप्रिल २०२० पासून देशभर लागू झालेल्या भारत स्टेज सहा या मानकांत ती आहे, आणि दुचाकींनाही वाफेचे बंधन घातलेले आहे. परंतु ही परीक्षा कोऱ्या गाडीची. त्याच गाडीचे रबर दहा वर्षांनी कसे आहे, आणि मे महिन्यात पंचेचाळीस अंशांपर्यंत तापणाऱ्या नागपुरात किंवा दिल्लीत ती किती वाफ सोडते, हे त्या खोलीतील पस्तीस अंशांना कसे कळावे?

वापरातील गाडीसाठी प्रदूषण नियंत्रणाचे जे प्रमाणपत्र दर काही महिन्यांनी घ्यावे लागते, ते सायलेन्सरच्या तोंडाशी बसते. पेट्रोल गाडीच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन किती आहेत, हे ते पाहते. झाकणाचा वॉशर फाटला असेल, डबा काढून टाकून नळी मोकळी सोडली असेल, तरी ते प्रमाणपत्र बिनदिक्कत मिळू शकते. काही ठिकाणी पेट्रोलचा वास येतो अशी तक्रार घेऊन आलेल्या गाडीचा डबाच काढून टाकतात आणि नळीला बूच मारतात किंवा ती जमिनीकडे सोडून देतात. पहिल्या प्रकारात टाकी कोंडते, दुसऱ्यात वाफ मोकाट सुटते. दोन्ही प्रकारांत वास तेवढा धन्याच्या नाकापासून दूर जातो आणि शेजाऱ्याच्या नाकापाशी येतो. याला उपचार म्हणत नाहीत.

तात्पर्य, या व्यवस्थेची राखण तूर्त तरी गाडीच्या मालकाच्या आणि त्याच्या मिस्त्रीच्या विवेकावर सोपविलेली आहे. मालकाच्या वाट्याला येणारे काम थोडे आहे: झाकण कटकट वाजेपर्यंत फिरविणे, पंपावर घोडा एकदा बंद झाला की थांबणे, वर्षातून एकदा नळ्या आणि डबा तपासून घेणे, आणि वास आला तर तो अंगवळणी पडू न देणे. मिस्त्रीच्या वाट्याला येते ते क्रम न सोडणे आणि पुराव्यावाचून भाग न बदलणे. धूर हा धावणाऱ्या गाडीचा दोष असतो. इंजिन थांबले की तो थांबतो. वाफेच्या गळतीला अशी सुटी नाही. मोटार दिवसाचे बहुतेक तास कोठेतरी उभीच असते. सोसायटीच्या तळघरात, कचेरीच्या आवारात, शाळेच्या कुंपणालगत. त्या सर्व तासांत ती काय करीत असते, हे ठरविणाऱ्या वस्तू फार लहान आहेत: एक वॉशर, दोन नळ्या आणि डबाभर कोळसा.